काँटेसाचा क्लच

रविवार, ५ जानेवारी २०२५

उपासनेहून आलो, जेवलो आणि ही वही काढली. आराधनाने नाताळात दिलेली. पोरीला वाटतं बाप निवृत्त झाला की आत्मचरित्र लिहितो. मी आपला कामाची नोंद लिहिणार. भिंगारच्या लष्करी वर्कशॉपात चौतीस वर्षं रणगाड्यांखाली पाठीवर पडून काढली. तिथे काम हातात घेतलं की पहिल्या दिवसापासून कागदावर यायचं. ती सवय काही जात नाही.

काम असं: आमच्या काँटेसा गाडीचा जुना गिअरबॉक्स उतरवायचा आणि नव्या तऱ्हेचा ऑटोमॅटिक बसवायचा. घरीच, पोर्चमध्ये. क्लच दाबणं नको, गिअर बदलणं नको. दांडी एकदा सरकवली की गाडी चालती झाली पाहिजे.

कारणही लिहून टाकतो, ही वही कोण वाचतंय. मागच्या फेब्रुवारीत जामखेड रोडला वाळूवर माझी स्कूटर घसरली. मला खरचटलं. मागे बसलेल्या कृपाची डावी मांडी मोडली. रॉड टाकला, तीन महिने पलंग, मग वॉकर, आता काठी. आमच्या घरात गाडी दुरुस्त करायची मी आणि चालवायची तिने, हे गाडी आली त्या दिवसापासूनचं आहे. मी रणगाड्यासारखी चालवतो असं ती म्हणते, आणि ते काही खोटं नाही. महिन्यातून एकदा ती कोल्हारला तिच्या भावाकडे, नोहाकडे जायची. पदर खोचून, काचा खाली करून, ते लांबलचक नाक रस्त्यावर काढलं की ट्रकवालेसुद्धा वळून बघायचे. शाळेतल्या बाई आणि ही गाडी! आता अकरा महिने झाले. गाडी पोर्चमध्ये उभी आहे आणि कृपा खिडकीत बसून आहे.

डॉक्टर म्हणाले, पायात जोर आला की खुशाल चालवा. पण काँटेसाचा क्लच म्हणजे काय चीज आहे हे डॉक्टरांना माहीत नाही. धडधाकट माणसाचा पाय भरून येतो. तिला तो दाबता यायचा नाही. म्हणून क्लचच काढून टाकतो. मी पाडलं तिला. मीच परत त्या सीटवर बसवीन.

तिला मात्र सांगितलं की माझा गुडघा दुखतो म्हणून करतोय. तिच्यासाठी म्हटलं तर नको म्हणाली असती. "बरं," एवढंच म्हणाली. पटावं म्हणून सकाळपासून उजवा पाय जरा ओढत चालतोय.

शुक्रवार, १० जानेवारी

पुण्याच्या जुन्या बाजारातून गिअरबॉक्स आला. कानिफनाथच्या टेम्पोतून आणला. कानिफनाथचं बाजारात लेथचं दुकान आहे, हात सोन्याचा आणि तोंड सुटलेलं. गाडीभोवती एक चक्कर मारून म्हणाला, "काका, लई जुनी हाय. इकून टाका की राव."

मी म्हटलं, विक म्हणणाऱ्याला या घरात चहा मिळत नाही.

"ऱ्हायलं मग. न्हाई इकायची."

नव्या गिअरबॉक्सचं तोंड आपल्या इंजिनाला जुळत नाही. मध्ये जाड पट्टी कातून बसवावी लागेल. तीन आठवडे तरी त्याच्या लेथवर जाणार. तोवर गाडीला हात लावायचं कारण नाही.

बुधवार, १५ जानेवारी

ड्रायव्हरची सीट दोन खाचा पुढे सरकलेली. माझे पाय लांब, मी तर मागेच ठेवतो. केशरबाईंना विचारलं. त्या आमच्याकडे धुणंभांडी करतात, अधूनमधून गाडीही पुसतात. त्यांनी तोंडाला पदर लावला. "मला काय ठावं, साहेब!" आणि स्वयंपाकघराकडे बघितलं. स्वयंपाकघरात कृपा होती. तिलाही काही माहीत नव्हतं.

मी सीट मागे घेऊन ठेवली.

बुधवार, २२ जानेवारी

कृपाची तब्येत झकास आहे. गालावर रंग आलाय. मला मात्र घरात टिकू देत नाही. तीन वाजले की सुरू, "अहो, कानिफनाथकडे जायचं नाही का? पट्टी झाली का बघून या." काल म्हटलं, पट्टी काय भाकरी आहे का रोज बघायला? तर म्हणाली, "जा हो, तेवढाच तुमच्या गुडघ्याला व्यायाम." मला घरात ठेवून कंटाळली असेल बिचारी. अकरा महिने तेच तोंड बघतेय.

सीट परत पुढे. क्लचच्या पायडलचं रबर कोणी घासल्यासारखं चकचकीत दिसतंय. केशरबाई आजकाल गाडी आतूनही पुसतात वाटतं. दिवाळीला साडी जरा चांगली घेतली पाहिजे.

मंगळवार, ४ फेब्रुवारी

पट्टी तयार. सकाळी गाडी चार स्टँडवर चढवली आणि जुना गिअरबॉक्स उतरवला. पाठ मोडली, पण मजा आली. इतक्या वर्षांनी अंगाला ग्रीसचा वास. जुना गिअरबॉक्स गोणपाटात गुंडाळून जिन्याखाली ठेवलाय. कानिफनाथने मागितलाय, महिनाअखेर नेईल.

दुपारी क्लचचं पायडल काढलं. ते हातात घेऊन, पुसून, आत कृपाकडे गेलो आणि तिच्या पुढ्यात धरलं. म्हटलं, "हे बघ, डाव्या पायाला आता सुट्टी!" तेवढ्यात आठवलं की गुडघा माझा दुखतोय, म्हणून घाईने "माझ्या" असं जोडलं.

तिने पायडल हातात घेतलं. बराच वेळ रबरावरून बोट फिरवत राहिली. मग माझ्या हातात परत दिलं आणि म्हणाली, "भाजी चिरायचीय." भाजी सकाळीच चिरून झाली होती.

शनिवार, ८ फेब्रुवारी

कृपाचं काहीतरी बिनसलंय. जेवते चार घास. फाटकापर्यंत रोज चालायची, चार दिवस झाले बाहेर पडलेली नाही. पाय दुखतो का विचारलं तर नाही. थंडी वाजते का, नाही. मला तीन वाजता कुठे हाकलतसुद्धा नाही. मी समोर बसून राहतो आणि ती खिडकीतून स्टँडवर चढलेली गाडी बघते. पोर्चमध्ये पसारा झालाय त्याचा राग असेल. उद्या झाडून काढतो.

आराधनाला फोन केला. ती म्हणाली, "पप्पा, तुम्ही आईला विचारलंत का?" मी म्हटलं, काय विचारायचं? तर म्हणाली, "तेच तर."

पोरगी पुण्यात राहून कोड्यात बोलायला शिकली आहे.

शनिवार, १५ फेब्रुवारी

आज माझी पुरती फजिती झाली. लिहायलाही लाज वाटते, पण नोंद म्हणजे नोंद.

ऑटोमॅटिक गिअरबॉक्स बुधवारीच बसला होता. त्यापासून मागच्या चाकांपर्यंत ताकद नेणारा लांब शाफ्ट असतो, तो नव्या लांबीचा हवा होता. गाडीखाली झोपून माप मी घेतलं, शाफ्ट कानिफनाथने केला. झकास बसला. संध्याकाळी गाडी स्टँडवरून उतरवली आणि खालून खाड्‌कन आवाज आला. शाफ्ट बोटभर जास्त लांब! गिअरबॉक्सच्या शेपटीत आत घुसून अडकला. नशीब, काही फुटलं नाही.

कानिफनाथ उकिडवा बसून खाली डोकावला. "काका, माप कवा घेतलं?"

"गाडी वर होती तेव्हा."

"चाकं लटकत हुती तवा? आवो काका! चाकं लटकली का अंतर येगळं, गाडी टेकली का येगळं. आपल्या वजनावर उभी आसताना माप घ्यायचं आसतंय. हे तर आमच्यातलं शेंबडं पोर सांगंल."

रणगाड्याला हा लांब शाफ्ट नसतोच. त्यात सगळं एकाच पोलादी पेटीत घट्ट बसवलेलं. उचला, टेकवा, माप तेच राहतं. चौतीस वर्षं मी असंच मापं घेतली आणि एकदाही चुकलो नाही. चौतीस वर्षांची अक्कल एका शाफ्टपुढे पाण्यात गेली. कानिफनाथ जाईपर्यंत हसत होता.

कृपा खिडकीतून सगळं ऐकत होती. बारा दिवसांत पहिल्यांदा तिला हसताना बघितलं, म्हणून मलाही राग आला नाही.

मंगळवार, १८ फेब्रुवारी

आज सकाळी केशरबाई कपडे वाळत घालताना थांबल्या. म्हणाल्या, "साहेब, बोलू का? बाईंना सांगू नगा मी बोलले म्हनून."

मग सांगितलं. मी कानिफनाथकडे गेलो की कृपा रोज काठी टेकत पोर्चमध्ये यायची. केशरबाई दार धरायच्या. कृपा आत बसायची, सीट पुढे घ्यायची, डावा पाय दोन्ही हातांनी उचलून क्लचवर ठेवायची आणि दाबायची. "पैल्या दिशी जरासुदीक हाललं न्हाई वो. बाई घामाघूम. मी म्हनलं ऱ्हाऊ द्या, तर म्हनल्या, पोरांना पाडे म्हनायला लावायचे तसं हाय हे, केशर, रोज एक ओळ. रोज मोजायच्या. पंचीस येळा, तीस येळा. लई येळा रडल्या. पन उठल्या न्हाईत. आन् तुमी त्ये काढूनच टाकलं."

मी तिथेच पायरीवर बसलो. केशरबाईंनी पाणी आणून दिलं.

मग आत गेलो. कृपा पलंगावर बसून आराधनाचा स्वेटर उसवत होती. मी खुर्ची ओढून समोर बसलो आणि विचारलं, "किती दाबलं जात होतं?"

तिने वर बघितलं. कोणी सांगितलं वगैरे काही विचारलं नाही. म्हणाली, "तुम्ही काढलंत त्याच्या आदल्या दिवशी अर्ध्याच्या पुढे गेलं होतं."

"मला सांगायचं की."

"तुम्ही सांगितलंत? म्हणे गुडघा दुखतोय. कोणता दुखतोय?"

"उजवा."

"क्लच कोणत्या पायाने दाबतात?"

मी माझ्या पायांकडे बघितलं. दीड महिना मी उजवा पाय ओढत या बाईसमोर चाललो होतो. रणगाड्याचा फिटर! ती हसली नाही, हे तिचे उपकार.

"मला वाटलं, तुला ते कधीच जमणार नाही," मी म्हणालो. "तुला त्रास नको म्हणून केलं सगळं. मी पाडलं ना तुला."

"स्कूटर वाळूवर घसरली. त्याचं मी तुम्हाला एका शब्दाने बोलले का कधी?" मग लोकरीचा गुंडा बाजूला ठेवला. "पण तुम्ही माझं माप मी पलंगावर पडलेली असताना घेतलंत. आणि मग तेच धरून बसलात."

शनिवारी कानिफनाथ हसला ते मी सोसलं. हे मात्र आत कुठेतरी लागलं, कारण खरं होतं. मी वर्षभर तिला उचलायला धावलो, ताट हातात दिलं, चप्पल पुढे ठेवली. तुला काय हवंय, असं एकदाही विचारलं नाही.

म्हणून आज विचारलं. "काय करू सांग. ऑटोमॅटिक ठेवू की जुना बसवू?"

"मला तीन दिवस द्या," ती म्हणाली.

शुक्रवार, २१ फेब्रुवारी

तीन दिवस मला काम नाही. ती मात्र प्रश्न विचारत होती, शाळेत तपासणीला आल्यासारखे. ऑटोमॅटिक चढावर मागे येते का? बिघडली तर भिंगारात कोण दुरुस्त करील? जुना परत बसवायला किती दिवस? मी खरं खरं सांगितलं. ऑटोमॅटिक वाईट नाही, शाफ्ट बोटभर कापला की उद्या चालवता येईल. जुना बसवायला महिना, आणि तुझ्या पायाचं मला सांगता येत नाही.

आज सकाळी चहा देताना म्हणाली, "जुना बसवा. हा नवा नीट तेल लावून ठेवून द्या. मी ऐंशीची झाले की बघू. आत्ता मी बासष्टची आहे."

कानिफनाथला सांगितलं की जुना गिअरबॉक्स मिळणार नाही. "म्हंजी एवढं सगळं करून परत तेच?" म्हणाला. मग मी कारण सांगितलं. तो तोंड फिरवून लेथ पुसत बसला. "बाईंनी मला चौथीला शिकवलंय, काका. कवा बी हाक मारा."

रविवार, २ मार्च

सगळ्यात आधी पायडल परत लावलं. पण गिअरबॉक्स खाली उतरलेला असताना क्लचला जोरच लागत नाही, नुसतं लोंबतं. म्हणून कानिफनाथच्या भंगारातून एक स्प्रिंग आणून मागे अडकवली. रोज दुपारी तीनला गाडी जमिनीवर उतरवायची, कृपाचा तास झाला की चारला परत वर चढवायची. माझं काम दुप्पट झालंय आणि मला त्याचं काही वाटत नाही.

एक लबाडी कबूल करतो. पहिली स्प्रिंग मी मुद्दाम जरा हलकी लावली होती. तिने एकदाच दाबून माझ्याकडे बघितलं. "बदला." बदलली. आता मूळ क्लचइतकीच जड आहे, काट्यावर मोजून घेतली. ती दाबते तेव्हा मला समोर उभं राहायची परवानगी नाही. मी जिन्यात बसून आकडे ऐकतो. आज चाळीस.

शनिवार, २२ मार्च

जुना गिअरबॉक्स बसला. जुना शाफ्टही. गाडी पहिल्या दणक्यात सुरू झाली. पोर्चमध्ये धूर, केशरबाई खोकत टाळ्या वाजवतायत.

आणि इथेच पंचाईत आहे. गाडी तयार आहे, पाय तयार नाही. परवा दाराआडून बघितलं. पायडल शेवटपर्यंत जात नाही, चार बोटं राहतं. तिला आज कळलं की माझं काम झालंय, तर ती घाई करील, नाहीतर खट्टू होईल. दोन्ही नकोत. म्हणून संध्याकाळी तोंड पाडून सांगितलं की एक बेअरिंग खराब निघालं, मुंबईहून मागवलंय, कधी येतंय देव जाणे. तोवर क्लच दाबून बघ, इंजिन सुरू कर, पण गाडी हलवायची नाही.

"असं का?" ती म्हणाली. "येईल हो. तुम्ही रोज कानिफनाथकडे जाऊन विचारत जा."

या वेळी मात्र पटलं तिला.

मंगळवार, १ एप्रिल

रोज तीन ते पाच कानिफनाथकडे बसतो. चहा पिऊन पोट बिघडलंय. कानिफनाथ वैतागलाय. "काका, बेरिंग बेरिंग करून मला खोटं बोलाया लावता. काल बाईंचा फोन आला, मला घाम फुटला. लहानपनी खोटं बोललो का हातावर बाईंची पट्टी बसायची." मी म्हटलं, अजून पंधरा दिवस दम धर.

घरी मी काही विचारत नाही. तिचा तास, तिचा पाय. जेवण चांगलं चाललंय, फाटकाच्या पुढेही जाऊन येते. आज काठी दाराशीच विसरली आणि आतून बाहेर तशीच आली. मला सांगावंसं वाटलं, पण जीभ चावली. भीती वाटली की सांगितलं तर तिच्या लक्षात येईल आणि थांबेल.

बुधवार, ९ एप्रिल

दुपारी सव्वाचारला मी कानिफनाथच्या दुकानात बाकड्यावर बसलो होतो. हातात तिसरा चहा. बाहेर हॉर्न वाजला. हा हॉर्न मी झोपेतही ओळखीन, वायरिंग माझं आहे. बाहेर येऊन बघतो तर भर बाजारात, भाजीच्या गाड्या आणि रिक्षांच्या मधोमध काँटेसा. ड्रायव्हरच्या सीटवर कृपा. पदर खोचलेला. मागे केशरबाई, खिडकीची कड दोन्ही हातांनी धरून, डोळे मिटून.

"बेअरिंग आलं का हो?" कृपाने विचारलं.

कानिफनाथ लेथच्या मागे खाली बसला आणि त्याच्या हसण्याचा आवाज तेवढा येत राहिला.

मी वाकून आत बघितलं. डावा पाय क्लचवर होता आणि क्लच पार तळाला टेकलेला होता. पाय थरथरत होता, पण तिने उचलला नव्हता. मागे रिक्षावाले ओरडायला लागले. "बसा आता," ती म्हणाली, "नाहीतर रिक्षावाले मला शिव्या देतील."

मी शेजारी बसलो. तिने पहिला गिअर टाकला, मग दुसरा. दुसरा टाकताना जरा किरकिरला. चौतीस वर्षांत मी असा आवाज ऐकून गप्प बसलेलो नाही, आज बसलो. वाटेत तिने सांगितलं, आठ दिवस झाले. आधी फाटकापर्यंत, मग गल्लीच्या टोकापर्यंत, केशरबाई पुढे उभ्या राहून माणसं बाजूला करायच्या. बेअरिंगचं पहिल्याच दिवशी कळलं होतं. "बेअरिंग खराब असताना गाडी एवढी छान सुरू होते होय? पण तुम्ही माझ्यासाठी थांबलात. म्हणून मी बोलले नाही." रविवारी कोल्हारला जायचं. नोहाला फोन तीच करणार आहे. मी केला तर काहीतरी भलतंच कारण सांगीन म्हणे.

पोर्चमध्ये गाडी लावून तिने इंजिन बंद केलं. केशरबाई उतरून आत पळाल्या. कृपा मात्र उतरेना. दोन्ही हात स्टिअरिंगवर, चेहरा पांढरा पडलेला. "पाय थांबत नाहीये," हळूच म्हणाली.

मी तिच्या बाजूला गेलो, दार उघडलं, फरशीवर गुडघे टेकले आणि तिचा डावा पाय दोन्ही हातांत धरला. मांडीपासून टाचेपर्यंत थरथरत होता. फाटक सताड उघडं. शेजारची मंडळी दारात आली होती, रस्त्याने जाणारे मान वळवून बघत होते. एकोणचाळीस वर्षांच्या संसारात मी चारचौघांत तिचा हातसुद्धा कधी धरला नव्हता.

"अहो, लोक बघतायत."

"बघू देत," मी म्हणालो, आणि थरथर थांबेपर्यंत सोडला नाही.